खांदे दोन सेंटिमीटर खाली

सोमवार, ३ मार्च

आजपासून मी डिझाइन विभागाची प्रमुख. विभागात माझ्याशिवाय एकच माणूस आहे, त्यामुळे प्रमुखपणाचा फार ताण येईल असं वाटत नाही. तो फोटो काढतो, रंग सांभाळतो आणि दिवसाला चारेक शब्द बोलतो. सगळे त्याला मौनी म्हणतात. बाकीचं तो "हं" करून भागवतो.

आमची कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी बाथरूमचं सामान बनवते. भिंतीला लावायची हँडल्स, बसून आंघोळ करायची स्टुलं, पाय न घसरणाऱ्या मॅट. आमची खोली तळमजल्यावर, गोडाउनला लागून. डिजिटल मार्केटिंगवाले वर काचेमागे बसतात. त्यांच्या प्रमुख बाईंना आम्ही दोघं घाईबाई म्हणतो. म्हणजे मी म्हणते, मौनी "हं" करतो.

आजवर त्यांची कामं कशीही यायची. फोनवर, चॅटवर, जिन्यात, एकदा तर मी तोंडावर पाणी मारत असताना शेजारच्या बेसिनवरून. म्हणून माझा पहिला निर्णय असा की यापुढे प्रत्येक मागणी एकाच अर्जात येणार. काय हवंय, कुठे दिसणार, कुठल्या मापात, कधीपर्यंत. तोंडी काहीही घेतलं जाणार नाही. मीटिंगमध्ये घाईबाई म्हणाली, "कमाल! हे कधीपासून हवंच होतं गं." मग जिन्यात मला गाठून म्हणाली, "आता अर्ज कुठे भरत बसू, एक छोटंसंच आहे."

छोटंसं म्हणजे एकच जाहिरात, चौदा मापांत.

करून दिली. पहिलाच दिवस होता.

मंगळवार, ४ मार्च

अर्ज आले. 'तातडी' या रकान्यात मी तीन पर्याय ठेवले होते. साधं, तातडीचं, अतितातडीचं. सगळेच्या सगळे अतितातडीचे. संध्याकाळी तो पर्याय काढून टाकला. पुढच्या अर्जात घाईबाईनं सूचनांच्या जागेत स्वतःच्या हातानं टाइप केलं होतं, "अतितातडीचं".

घरी बाबांना सांगितलं. बाबा जन्मभर शाळेत कवायतीचे शिक्षक होते. म्हणाले, "रांग लावलीस ना? मग मोडणाऱ्याला मैदानाला फेऱ्या." घाईबाईला फेऱ्या मारायला लावायची सोय अर्जात नाही. पण बाबा माझ्या कामात रस घेतात याचं बरं वाटलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दादा परगावी असतो, रविवारी फोन करतो आणि "बाबा कसे आहेत?" विचारतो. बाबा बाजूनं ओरडतात, "ठणठणीत!" मी फोनवर तेच पुन्हा सांगते.

शुक्रवार, ७ मार्च

उद्या नव्या हँडलचं शूट, आणि आमचा मॉडेल येणार नाही. सत्तरीचे गृहस्थ आहेत. काल स्वतःच्या बाथरूममध्ये घसरून पाय मोडला. तिथे आमचं हँडल नव्हतं. घाईबाई म्हणाली, "अगंबाई, बिचारे!" आणि पाच मिनिटांनी, "यावर एक पोस्ट होईल का?"

उद्यापर्यंत म्हातारा माणूस कुठून आणायचा? मौनीनं माझ्याकडे पाहिलं. मला आधी वाटलं, मलाच उभं करतोय की काय. मग लक्षात आलं.

बाबा लगेच हो म्हणाले. इस्त्रीचा शर्ट कुठला घालायचा यावर अर्धा तास गेला.

शनिवार, ८ मार्च

गोडाउनमध्ये बाथरूमचा सेट उभा केला होता. तीन भिंती, खऱ्या फरशा, नळाला पाणी नाही. बाबा आत शिरले आणि कॅमेरा दिसताच 'सावधान'मध्ये उभे राहिले. छाती पुढे, खांदे मागे, नजर समोर. चौऱ्याहत्तर वय आहे, पण सांगून पटणार नाही.

मौनीनं हँडल धरायला सांगितलं. धरलं. फोटो झाले तरी सोडेनात. मौनी म्हणाला, "काका, झालं." बाबा म्हणाले, "पकड चांगली आहे हो याची." मग हे किती वजन पेलतं, फरशीत स्क्रू कसे बसवतात, ओल्या हातानं सटकत नाही ना, असं बरंच विचारलं. एखादं नमुन्याचं घरी बघायला नेता येईल का, असंही. मी म्हटलं, नमुने बाहेर नेता येत नाहीत, नियम आहे. "बरोबर आहे," बाबा म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

बाबांना कधीच एखाद्या वस्तूत इतका रस घेताना पाहिलं नव्हतं. आमची वस्तू खरंच चांगली असणार.

सोमवार, १० मार्च

घाईबाईचा अर्ज. "काका भारीच आहेत, पण फार फिट दिसतात. यांना बघून हँडल कोण घेईल? खांदे खाली हवेत. भीती २० टक्के वाढवा."

मी परत पाठवला. "भीती टक्क्यांत देता येत नाही. कृपया सेंटिमीटरमध्ये द्यावी."

उत्तर आलं, "दोन."

मौनीला फाइल दिली. त्यानं उघडली, बघितली आणि जशीच्या तशी मला परत पाठवली. कारण विचारलं तर "हं". म्हणून मीच बसले. खांदे दोन सेंटिमीटर खाली आणि जरा आत. मान किंचित पुढे. पापण्या जड केल्या. हँडलवरच्या बोटांची पेरं पांढरी करायची होती, पण ती फोटोत आधीच पांढरी होती, त्यामुळे तेवढा वेळ वाचला. प्रकाश निळसर केला. तीन तास लागले. काम चांगलं झालंय, हे मी लपवणार नाही.

बुधवार, १२ मार्च

जाहिरात सुरू झाली. ओळ घाईबाईची आहे. "बाबा बोलत नाहीत. पण त्यांना भीती वाटते." आजवरच्या कुठल्याच जाहिरातीवर इतके क्लिक आले नव्हते. वरच्या मजल्यावर टाळ्या वाजल्या, त्या खाली ऐकू आल्या.

घरी बारीकसारीक कटकटी चालू आहेत. बाबांनी बाल्कनीतली प्लास्टिकची खुर्ची बाथरूममध्ये नेऊन ठेवलीये. कपडे ठेवायला म्हणतात. हुक असताना! आणि आंघोळीची वेळही बदलली. पूर्वी पहाटे आटपायचे, आता मी निघाल्यावर. "निवांत होते," म्हणे. बाथरूमची कडी बिघडलीये, दुरुस्त करू म्हटलं तर नको म्हणाले. वय झालं की माणूस पसारा करतो, हे ऐकून होते. बाबांचं सुरू झालेलं दिसतं.

कोपरावर निळा डाग आहे. दार लागलं म्हणाले.

शुक्रवार, १४ मार्च

दादाचा फोन. शुक्रवारी दादाचा फोन म्हणजे काहीतरी झालंय.

"हे काय केलंस तू? माझ्या शाळेच्या ग्रुपवर फिरतोय तो फोटो. सगळे विचारतायत, सरांना काय झालं?"

"काही झालेलं नाही. जाहिरात आहे ती."

"बाबा जन्मात कुणापुढे वाकले नाहीत, आणि तू त्यांना वाकवून बाजारात उभं केलंस."

"वाकवलं नाहीये. दोन सेंटिमीटर खाली घेतलंय."

त्यानं फोन ठेवला. मी जाहिरातीखालच्या कमेंट वाचल्या. एकानं लिहिलं होतं, "हे आमचे सर आहेत का? आमचे सर असे उभे राहायचे नाहीत." त्याला अडीचशे जणांनी दुजोरा दिला होता.

जेवण गेलं नाही.

शनिवार, १५ मार्च

बाबांना दुसरीकडून कळण्याआधी मीच दाखवावं म्हणून फोन त्यांच्या हातात दिला. चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत बसले.

"हे कुणी केलं?"

"आमच्या विभागानं."

"म्हणजे तू."

"हो."

पुन्हा बघितला. म्हणाले, "खांदे बरोबर आलेत."

बाबा असं टोचून बोलत नाहीत कधी. ते माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी बोलावं अशा अपेक्षेनं. मी "सॉरी" म्हटलं. त्यांनी फोन परत दिला आणि बातम्या न लावताच आत गेले.

ती जाहिरात मी काढायला लावणार. काय व्हायचं ते होवो.

सोमवार, १७ मार्च

घाईबाईकडे गेले. "काढायची? अगं, वेड लागलंय का? हँडल दुप्पट जातायत!" मी म्हटलं, ते माझे वडील आहेत. ती म्हणाली, "तेच तर! किती खरे वाटतात!"

मग आमचे साहेब. कंपनी त्यांची आहे, त्यामुळे ते कधीच आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "तुमच्या भावना समजतात. पण घरचा विभाग असून काम अडणार असेल, तर मग बाहेरच्या एजन्सीला दिलेलं काय वाईट? विचार करा." म्हणजे मी आणि मौनी दोघंही घरी. मी प्रमुख होऊन पंधरा दिवस झालेत.

खाली येऊन मी माझाच अर्ज भरला. काय हवंय: जाहिरात बंद. तातडी: अतितातडीचं. तो पर्याय आता नाही, म्हणून सूचनांच्या जागेत टाइप केला.

मंगळवार, १८ मार्च

घाईबाईनं तोडगा काढला. मी ताठ बाबांची वेगळी जाहिरात करायची, दोन्ही चालवायच्या, अर्ध्या लोकांना ही, अर्ध्यांना ती. जिला जास्त क्लिक ती राहील. मी मूळ फोटो घेतला, उबदार प्रकाश दिला आणि ओळ लिहिली, "ताठ मानेनं जगण्यासाठी."

रात्री जेवताना बाबांना दाखवला. खूश होतील म्हणून.

"हा जुना आहे," ते म्हणाले.

"नाही हो, त्याच दिवशीचा आहे."

"फोटो असेल त्या दिवशीचा."

मी तारीख दाखवली. ते ताट घेऊन उठले. बाबा अजून रागावलेत.

बुधवार, १९ मार्च

ताठ बाबा हरले. फार वाईट हरले. घाईबाईनं आकडे वाचून दाखवले आणि पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस गं. लोकांना खरं आवडतं." साहेबांना उद्यापर्यंत उत्तर हवंय.

मौनीला सांगितलं, मी बहुतेक सोडतेय. तो म्हणाला, "आधी घरी बोला." तीन शब्द, सलग. मला वाटलं, पगाराबद्दल म्हणत असेल.

गुरुवार, २० मार्च

आज लिहायला हवं.

डोकं दुखतंय सांगून अकरालाच निघाले. दुखत नव्हतं, साहेबांना टाळायचं होतं. कुलूप उघडलं तर बाथरूममधून बाबांचा आवाज येत होता. घरातला नेहमीचा नव्हे, मैदानावरचा. "सावधान! डावा हात खुर्चीला. गुडघा आत. एक... दोन... ऊठ!" मग प्लास्टिक फरशीवर सरकल्याचा आवाज. मग काही नाही. मग पुन्हा, जरा हळू, "सावधान."

"बाबा?"

नळ ठिबकत होता.

"तू? ऑफिस नाही?"

"लवकर आले. काय करताय?"

"आंघोळ."

"एवढ्या मोठ्यानं?"

"सवय आहे."

मी तिथेच उभी राहिले. दार नुसतं लोटलेलं होतं. "बाबा, उभे आहात का?"

"बसलोय."

"खुर्चीवर?"

"नाही."

"मी आत येते."

"थांब! टॉवेल हाताला लागत नाहीये."

"डोळे मिटून येते."

"डोळे मिटून आलीस तर तूही पडशील. भिंतीकडे बघत ये."

भिंतीकडे बघत गेले. चाचपून टॉवेल काढून दिला. मग हुकूम त्यांनीच सोडले. पाय रोव. गुडघ्यात वाक, कमरेत नको. माझ्या काखेत हात घाल. घाई करू नकोस. तीनला. तीनला उठलो दोघं, अर्ध्यात जरा डगमगलो आणि त्यांचे दोन्ही खांदे माझ्या हातांत आले. हे खांदे मला चांगले ठाऊक आहेत, गेल्या आठवड्यात तीन तास त्यांच्यावर घालवलेत. मी जिथे नेऊन ठेवले होते तिथेच होते.

कुठे मोडलं नाही. डॉक्टर येऊन बघून गेले, कमरेला लेप दिला. दुपारी चहा केला आणि समोरासमोर बसलो.

"हे पहिल्यांदा नाही ना?"

"नाही."

"सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस. आणि विचारलं असतंस तरी ठणठणीतच म्हटलं असतं." कपात बघत राहिले. "मग तो फोटो आला. म्हटलं, पोरीनं ओळखलं. तोंडानं न बोलता ओळखलं, माझी लाज राखली. बरं वाटलं गं. आता विषय काढेल, मग काढेल, म्हणून वाट बघत होतो. तर तू ती जाहिरातच बंद करायला निघालीस."

ते दोन सेंटिमीटर घाईबाईचे होते, हे सांगायला माझं तोंड उघडलं होतं. तसंच मिटलं. त्यांना अजून चहा ओतला.

शुक्रवार, २१ मार्च

माझा अर्ज मीच रद्द केला. कारणाच्या जागी लिहिलं, "मागणी करणाऱ्याची समजूत चुकली." साहेबांना सांगितलं, मी सोडत नाही, जाहिरातही राहू दे, पण तिच्यावरची ओळ मी बदलणार. मग एक हँडल, एक स्टूल आणि दोन मॅट माझ्या नावावर घेतल्या. गोडाउनवाल्यानं विचारलं, "घरी?" मी हो म्हटलं. इतकी वर्षं इथे काम करतेय, तो हे पहिल्यांदा विचारत होता.

शनिवार, २२ मार्च

मौनी ड्रिल घेऊन घरी आला. बाबांनी कुठे उंची हवी ते स्वतः उभं राहून दाखवलं. नेहमी उभे राहतात तसे नाही, खरे उभे राहून. मौनीनं पेन्सिलनं खूण केली.

जाताना जिन्यात विचारलं, "तुला शूटच्या दिवशीच कळलं होतं ना?"

"हं."

"मग बोलायचंस की रे."

"तुम्हालाही दिसलं असेल, असं वाटलं," तो म्हणाला. "पेरं पांढरी होती."

रविवार, २३ मार्च

दादाचा फोन. "बाबा कसे आहेत?" बाजूनं ओरडणं आलं नाही. मी म्हटलं, "तूच विचार," आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"पडतो रे अधूनमधून," बाबा म्हणाले. मग बराच वेळ ते फक्त ऐकत होते. मग म्हणाले, "अरे, रडतोस काय घोड्या! हँडल लावलंय."

पुढच्या आठवड्यात येतोय तो.

मंगळवार, २५ मार्च

जाहिरातीची ओळ बाबांनीच दिली. 'बाबा बोलत नाहीत' त्यांना मान्य नव्हतं. "बोलत नाहीत काय? खोटं बोलतात." खोलीत येरझारा घालत, मध्ये भिंतीला हात टेकत त्यांनी सांगितली ती अशी. "विचारा. पहिल्यांदा ठणठणीत म्हणतील. पुन्हा विचारा."

घाईबाईकडे घेऊन गेले. मला वाटलं, आता म्हणेल लांब आहे, जोर नाही, भीती कमी आहे. तिनं वाचली. पुन्हा वाचली. म्हणाली, "माझी आई एकटी असते," आणि फोन घेऊन बाहेर गेली. काचेपलीकडे दिसत होती. आधी हसून बोलत होती. मग नुसतीच कानाला फोन लावून उभी होती.

अर्ज न भरताच ओळ मंजूर झाली. नियमाप्रमाणे हे चुकीचं आहे.

शुक्रवार, २८ मार्च

क्लिक आधीपेक्षा कमी आहेत, हँडल मात्र तितकीच जातायत. साहेबांना याचा अर्थ लागत नाहीये, म्हणून ते मला विचारतात. मलाही लागत नाही. बाहेरच्या एजन्सीचं काय झालं ते मी विचारलं नव्हतं, घाईबाईनंच सांगितलं. साहेबांनी तिथे फोन केला तेव्हा त्यांनी कळवलं की तोंडी काही घेत नाही, अर्ज पाठवा. साहेबांनी विषय सोडून दिला.

सोमवार, ३१ मार्च

आता बाबा मी निघायच्या आधीच आंघोळ करतात. दार लोटलेलं, मी बाहेर जमिनीवर बसून. त्यांचा आग्रह असा की मी बोलत राहायचं. आत येऊ नकोस, पण बोल. मी ऑफिसचं बोलत होते. काल किती अर्ज आले, कुठलं बॅनर, कुठली मापं. थोड्या वेळानं ऑफिस संपलं. रोज नऊ तास तिथे काढते, पण सांगण्यासारखं दहा मिनिटांत संपतं.

मग काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "बाबा, आई तुम्हाला पहिल्यांदा कुठे भेटली?"

"मैदानावर," आतून आवाज आला.

हे मला ठाऊक नव्हतं.

"शर्यत होती. ती फेऱ्या मोजायला बसली होती. माझी एक फेरी मोजायची विसरली आणि मला जास्तीची पळायला लावलं. मी पहिला येत होतो, तो तिसरा आलो. भांडायला गेलो."

"मग?"

"मग काय! तिनं वही मिटली आणि म्हणाली, 'चुकले. पण तुम्हाला धाप लागलीये, आधी बसा.' मी म्हटलं, मला धाप लागत नाही. ती म्हणाली, 'बसा म्हटलं ना.'"

"बसलात?"

"बसलो."

पाणी कधीच बंद झालं होतं. ते आत स्टुलावर बसून बोलत होते, मी बाहेर पाय पसरून ऐकत होते. पुढचं सांगायला बाबांना बराच वेळ लागला. ऑफिसला उशीर झाला. कळवलं नाही.